ज्याचा श्वास, त्याचें माप

हल्लीं वर्तमानपत्रांतून बाजारभाव आणि पाऊसपाणी यांच्या शेजारीं शहरांतील हवेच्या शुद्धाशुद्धतेचा एक आंकडा छापून येऊं लागला आहे. सकाळच्या चहाबरोबर तो वाचावयाचा, "आज हवा बरी आहे" किंवा "आज हवा वाईट आहे" असें म्हणावयाचें आणि पान उलटावयाचें, हा क्रम अनेक घरांतून रुळला आहे. ज्यांचीं फुप्फुसें धडधाकट आहेत त्यांचें तेवढ्यावर भागतें. परंतु ज्या घरांत एखादें दमेकरी माणूस आहे, त्या घरानें त्या आंकड्याला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. हा आंकडा कोणाच्या श्वासाचा? शहराच्या एका कोपऱ्यांतील यंत्रानें ओढून घेतलेल्या हवेचा, कीं आपल्या घरांतील दमेकऱ्यानें दिवसभरांत घेतलेल्या श्वासांचा? हीं दोन मापें एकच आहेत असें आपण गृहीत धरून चालतों. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतील संशोधनानें तें गृहीत पुष्कळच डळमळीत केलें आहे. त्या संशोधनाची हकीकत आमच्या वाचकांपुढें, विशेषतः घरचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींपुढें ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दमा आणि धूळ

दमा हा श्वासनलिकांचा विकार होय. नलिकांचें आंतील अस्तर थोडेंबहुत सुजलेलें असतें. भोंवतालचे स्नायु क्षुल्लक कारणानें आंवळतात. आंत चिकट कफ सांचतो. आणि मग श्वास घेण्यापेक्षां तो सोडणेंच जड जातें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें २६ कोटि २० लक्ष लोकांना दमा होता, आणि त्या एका वर्षांत ४ लक्ष ५५ हजार माणसें त्यानें दगावलीं. हा मुलांचा आजार आहे, वय वाढलें कीं आपोआप जातो, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. कांहींच्या बाबतींत ती खरीहि ठरते. परंतु कित्येकांचा दमा जन्मभर सोबत करतो, आणि कित्येकांस तर तो चाळिशी उलटल्यावर प्रथम गांठतो. त्यांत भर अशी कीं, मुलाच्या दम्याची घरांत काळजी होते, प्रौढाच्या दम्याची मात्र घराला संवय होऊन जाते. सूनबाई फोडणी देतांना खोकल्या किंवा आजोबा रात्रीं उठून बसले, तर "त्यांचें तें नेहमींचेंच" म्हणून जो तो आपल्या कामास लागतो.

दमा बळावण्याचीं कारणें अनेक आहेत. सर्दीपडसें, थंड हवा, फुलांतील पराग, गाद्यागिरद्यांतील डोळ्यांस न दिसणारे किडे, मांजराकुत्र्यांचे केस, भावनेचा क्षोभ, इतकेंच काय पण जोराचें हांसणेंसुद्धां. या यादींत हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचें स्थान मोठें आहे. या कणांची मोजणी मायक्रोमीटरनें करतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सामान्यतः ५० ते ७० मायक्रोमीटर असते. दहा मायक्रोमीटरहून मोठे कण बहुतेक नाकांत व घशांत अडकतात. अडीच मायक्रोमीटरचे आणि त्याहून लहान कण मात्र नाकाच्या चाळणींतून निसटून फुप्फुसाच्या अगदीं बारीक शाखांपर्यंत पोंचतात. त्याहूनहि बारीक, म्हणजे एकदशांश मायक्रोमीटरच्या आंतील कण डीझेलच्या धुरांत विपुल असतात. वजनाच्या कांट्यावर ते जवळजवळ शून्य, पण संख्येनें अगणित.

अडीच मायक्रोमीटरच्या आंतील कणांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं जी मर्यादा सुचविली, ती दर घनमीटर हवेस वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम अशी आहे. हिंदुस्थान सरकारनें २००९ सालीं ठरविलेल्या मर्यादा अनुक्रमें ४० व ६० आहेत. दोहोंमधील हें अंतर दमेकऱ्याच्या घरानें ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे "मर्यादेच्या आंत" म्हणून नोंदलेली हवा त्याला निर्धोक आहे, असें त्यावरून मुळींच ठरत नाहीं.

शहराचें माप आणि माणसाचें माप

शहरांतील हवा मोजणाऱ्या केंद्रांना कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें 'सफर' नांवाची योजना २०१० सालीं दिल्लींत, २०१३ मध्यें पुण्यांत आणि २०१५ मध्यें मुंबईंत सुरू केली. तिनें हवेचा विषय सामान्य माणसाच्या बोलण्यांत आणला. शहराची हवा वर्षानुवर्षें सुधारते आहे कीं बिघडते आहे, कोणत्या ऋतूंत काय होतें, सरकारनें कोणते नियम करावे, हें अशा केंद्रांवांचून कळणें शक्य नाहीं. परंतु केंद्र एका जागीं उभें असतें आणि माणूस हिंडत असतो. केंद्राची नळी डोक्याहून उंचावर, उघड्या हवेंत असते. माणूस बहुतेक वेळ छपराखालीं असतो. अमेरिकेंत १९९२ ते १९९४ या काळांत झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, तेथील लोक आपल्या वेळेपैकीं शेंकडा ८७ भाग इमारतींत आणि शेंकडा ६ भाग वाहनांत घालवितात. आपल्याकडे दारेंखिडक्या अधिक उघडीं असतात हें खरें. तथापि स्वयंपाक, झोंप, कचेरी आणि देवपूजा हीं आपलींहि छपराखालींच होतात.

तेव्हां माप घ्यावयाचें तर तें माणसाच्या अंगावरच घेतलें पाहिजे, हा विचार पुढें आला. या बाबतींत कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड या गांवीं १९९० सालीं झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. धूम्रपान न करणाऱ्या १७८ रहिवाशांच्या अंगावर हवा ओढणारीं लहान यंत्रें बांधण्यांत आलीं; त्याच वेळीं त्यांच्या घरांत एक व घराबाहेर एक अशींहि यंत्रें ठेवण्यांत आलीं. दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचें दिवसाचें प्रमाण घरांत आणि घराबाहेर जवळजवळ सारखेंच, म्हणजे घनमीटरास ९५ मायक्रोग्रॅमच्या आसपास निघालें. माणसांच्या अंगावरील यंत्रांत मात्र तें सरासरी १५० भरलें. घरांत ९५, अंगणांत ९५, आणि या दोन्ही ठिकाणीं वावरणाऱ्या माणसापाशीं १५०, हें कोडें शास्त्रज्ञांनाहि प्रथम चमत्कारिक वाटलें. उलगडा असा कीं, माणूस चालतो, केर काढतो, अंथरुणें झाडतो, तव्यापाशीं उभा राहतो. धूळ उठते ती त्याच्याच हालचालीनें, आणि ती उठते तेव्हां तो तिच्या अगदीं जवळ असतो. प्रत्येकाभोंवतीं धुळीचें असें एक स्वतःचें वलय असतें. रात्रीं माणसें झोंपलीं कीं हें वलयहि निवत असे, आणि मग त्यांच्या जवळचें प्रमाण बाहेरच्या हवेहून कमी होई.

आपल्या देशांतील उदाहरण याहून बोलकें आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांचे हिंदी सहकारी यांनीं गुजरातेंतील कांहीं खेड्यांत चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर अशींच यंत्रें लावून पाहिलीं, आणि तो वृत्तान्त १९८३ सालीं प्रसिद्ध केला. लांकूड आणि गोवऱ्या जाळून स्वयंपाक चाललेला असतांना त्या स्त्रियांच्या श्वासापाशीं सर्व प्रकारच्या तरंगत्या धुळीचें प्रमाण दर घनमीटरास सुमारें ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७ हजार मायक्रोग्रॅम आढळलें. या आंकड्यांत लहानमोठे सारेच कण धरलेले असल्यामुळें वरच्या मर्यादांशीं त्याची थेट तुलना करतां येणार नाहीं; पण संकटाचा आकार त्यावरून दिसतो. ज्या काळीं प्रदूषणाचा विचार म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांचा विचार, असें सर्वत्र समजलें जात होतें, त्या काळीं स्वच्छ हवेच्या खेड्यांतील बाई कारखान्याच्या दारांतील मजुरापेक्षांहि अधिक धूर पोटांत घेत होती, आणि तिचें माप कोणीच घेत नव्हतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तें हेंच.

माप घेतात तें कसें

आतां हें अंगावरचें माप घेतात कसें, तें थोडक्यांत पाहूं. सर्वांत जुनी आणि आजहि प्रमाण मानलेली रीत तराजूची आहे. रोग्याच्या खांद्यावर किंवा कमरेला एक लहान पिशवी असते. तींत घड्याळाप्रमाणें बिनचूक चालणारा, विजेरीवरचा पंप. त्याची नळी गळ्याजवळ, नाकातोंडापासून वीतभर अंतरावर टांचलेली असते. हवा आंत ओढली कीं प्रथम तिला एक वेगाचें वळण घ्यावें लागतें. मोठे कण आपल्या जडपणामुळें त्या वळणावर फेंकले जातात, आणि बारीक कण तेवढे पुढें जाऊन एका पातळ चकतीवर बसतात. ही चकती प्रयोगापूर्वीं आणि प्रयोगानंतर अशी दोनदां तोलावयाची. तोलण्याची खोली ठराविक उष्णतेची व ठराविक दमटपणाची असावी लागते. चकतीवर विजेचा अंश राहिला तरी तराजू फसतो, म्हणून तोहि काढून टाकतात. कांहीं चकत्या हवा न ओढतां नुसत्याच नेऊन परत आणतात, म्हणजे हाताळणींत किती वजन वाढलें हें कळतें.

गणित सोपें आहे. पंप मिनिटास ४ लिटर हवा ओढीत असेल, तर चोवीस तासांच्या १४४० मिनिटांत ५७६० लिटर, म्हणजे ५.७६ घनमीटर हवा त्यांतून गेली. चकतीचें वजन २८८ मायक्रोग्रॅमनें वाढलें असेल, तर २८८ ला ५.७६ नें भागून दर घनमीटरास ५० मायक्रोग्रॅम हें उत्तर येतें. एवढी धूळ चिमटींतहि धरतां येणार नाहीं. तथापि हा आंकडा जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेल्या चोवीस तासांच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक आहे.

या रीतींत एक उणीव आहे. चोवीस तासांची एकच बेरीज हातीं येते. धूळ सकाळीं आली कीं संध्याकाळीं, रस्त्यावर कीं स्वयंपाकघरांत, हें चकती सांगत नाहीं. त्यासाठीं दुसरी रीत निघाली, ती प्रकाशाची. अंधाऱ्या खोलींत कवडशांतून नाचणारे धूलिकण आपण सर्वांनीं पाहिले आहेत. तेंच तत्त्व येथें आहे. यंत्रांतील लहानशा पोकळींत प्रकाशाचा किरण सोडतात; कणांवरून तो जितका विखुरतो, तितके कण अधिक. असें यंत्र दर मिनिटाची नोंद ठेवतें, आणि जोडीला माणूस कोठें आहे हें उपग्रहांच्या साहाय्यानें टिपणारें साधन असलें म्हणजे दिवसाचा सारा नकाशाच हातीं येतो. डीझेलची व चुलीची काजळी मोजण्याची तऱ्हा निराळी आहे. पांढऱ्या पट्टीवर हवा सोडतात, आणि पट्टी किती काळवंडली हें प्रकाशानें ताडून पाहतात.

प्रकाशाच्या यंत्रांची एक खोड आपल्याकडे विशेष जाणवते. हवा फार दमट झाली कीं पुष्कळसे कण पाणी पिऊन फुगतात, आणि यंत्र त्या फुगवट्यालाच धूळ समजून अवाच्या सवा आंकडा दाखवूं लागतें. कोंकणांत किंवा मुंबईंत पावसाळ्यांत असें यंत्र वापरावयाचें, तर त्याचें उत्तर तराजूच्या उत्तराशीं ताडून पाहिल्यावांचून त्यावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं.

सरासरी आंकडा आणि दिवसांतील चढउतार यांत फरक किती, हें एका काल्पनिक उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एक गृहिणी बावीस तास अशा हवेंत राहिली कीं जींत घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम धूळ आहे, आणि उरलेले दोन तास तळणाच्या धुरांत, ४०० च्या हवेंत. तिची दिवसाची सरासरी ७० निघते. पण हिशेब उलगडला तर दिवसाच्या एकंदर भारापैकीं जवळजवळ निम्मा भार त्या दोन तासांतच आला, असें दिसून येईल. सरासरी पाहून आपण तिला "शहराची हवा बदला" म्हणून सांगूं. मिनिटामिनिटाची नोंद पाहिली तर स्वयंपाकघराची खिडकी आधीं उघडूं. आणखी असें कीं, बसलेल्या माणसास मिनिटास सहाआठ लिटर हवा पुरते; भरभर चालणाऱ्यास तिच्या तिपटी-चौपटीनें लागते. म्हणून सारख्याच हवेंत बाकावर बसलेले गृहस्थ आणि जिना चढणारे गृहस्थ यांच्या फुप्फुसांत जाणारी धूळ सारखी नसते.

लंडनमधील दोन वाटा

या सर्व खटाटोपाचा दमेकऱ्याशीं प्रत्यक्ष संबंध काय, हें दाखविणारा एक सुंदर प्रयोग लंडनमध्यें झाला; त्याचा वृत्तान्त २००७ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्ड स्ट्रीट हा तेथील गजबजलेला बाजाररस्ता. त्याच्या प्रयोगासाठीं निवडलेल्या भागांत डीझेलवर चालणाऱ्या बसगाड्या आणि भाड्याच्या मोटारी यांनाच मुभा होती. तेथून जवळच हाइड पार्क हें विस्तीर्ण उद्यान. सौम्य किंवा मध्यम दमा असलेल्या ६० प्रौढ स्त्रीपुरुषांना एके दिवशीं दोन तास त्या रस्त्यानें चालविण्यांत आलें, आणि मध्यें कांहीं आठवडे जाऊं देऊन दुसऱ्या दिवशीं तितकाच वेळ उद्यानांतून. दोन्ही वेळीं भोंवतालच्या हवेंतील कणांचें मोजमाप चालू होतें. बारीक कणांचें प्रमाण रस्त्यावर उद्यानाच्या दुपटीहून अधिक होतें.

या योजनेंतील खुबी अशी कीं, प्रत्येक रोग्याची तुलना त्याच्या स्वतःशींच होत होती. वय, औषध, आजाराचा जोर, सारें तेंच. बदलली ती फक्त हवा. चालण्यानंतर एका सेकंदांत जोरानें किती श्वास बाहेर टाकतां येतो हें मोजलें, तेव्हां रस्त्यावरील फेरीनंतर तें माप शेंकडा ६.१ पर्यंत घसरलेलें आढळलें; उद्यानांतील फेरीनंतरची घसरण त्याहून निश्चितपणें कमी होती. कफाच्या तपासणींत दाह वाढल्याचीं चिन्हें मिळालीं. ज्यांचा दमा मध्यम होता त्यांच्यावर परिणाम अधिक झाला. आणि या परिणामाचा मेळ सर्वांत अधिक बसला तो अतिसूक्ष्म कणांशीं व काजळीशीं.

शेंकडा सहा ही घट ऐकावयास लहान वाटते. निरोगी माणसास ती कळणारहि नाहीं. परंतु ज्याची शिल्लक आधींच तुटपुंजी आहे, त्याच्या गांठचे सहा रुपये गेले तरी संसार अडतो. शिवाय हे लोक एकदांच दोन तास चाललेले होते. त्याच रस्त्यावर ज्याचें दुकान आहे, जो रोज दुचाकीवरून सिग्नलला उभा राहतो, किंवा ज्याच्या घराची खिडकीच हमरस्त्यावर उघडते, त्याचें काय होत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

आपल्या घरांतील हवा

आतां दूरच्या रस्त्यावरून घरीं येऊं. गॅसची शेगडी आल्यापासून आपल्या स्वयंपाकघरांतील धूर पुष्कळ कमी झाला, ही मोठीच इष्टापत्ति होय. तथापि तापलेल्या तेलाचा धूर, मिरचीची फोडणी, सणावारीं तासन्‌तास चालणारें तळण हीं गॅसमुळें गेलीं नाहींत. बारा माणसांच्या कुटुंबांत हें काम ज्या एकदोन बायांच्या वांट्यास येतें, त्यांच्यापैकीं एखादी दमेकरी असेल तर तिचें माप शहराच्या कोणत्याहि केंद्रांत सांपडणार नाहीं.

दुसरी गोष्ट डासांची. डास पळविण्याच्या वेटोळ्या उदबत्तीवर शास्त्रज्ञांनीं केलेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अशी एक उदबत्ती पूर्ण जळतांना बारीक कणांचें जेवढें वजन हवेंत सोडते, तेवढ्यासाठीं ७५ ते १३७ सिगारेटी जळाव्या लागतील. ज्या घरांत तंबाखूच्या धुरास दारांत मज्जाव असतो, त्याच घरांत ही उदबत्ती रात्रभर मिटल्या खोलींत, मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या उशाशीं जळत असते. मच्छरदाणी ही आपल्या आजीची युक्ति या बाबतींत शास्त्रालाहि मान्य आहे.

तिसरा विषय नाजुक आहे. पण तो टाळणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. देवापुढील उदबत्ती, धूप, होमाचा धूर हा आपल्या घराचा एक भाग आहे. मनास प्रसन्न करणारा हा धूर फुप्फुसाच्या दृष्टीनें मात्र धूरच होय. श्वासनलिकेला चंदन आणि डीझेल यांतील भाव कळत नाहीं. यावर उपाय पूजा सोडणें हा नाहीं. समईची ज्योत, फुलें, अक्षता यांनीं पूजा होत नाहीं असें कोणीहि शास्त्री सांगणार नाहीं. होम असेल तर तो अंगणांत किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेंत करावा, आणि दमेकरी माणसास धुराच्या वाऱ्याखालीं बसवूं नये. पाटावर बसून डोळे पुसणाऱ्या यजमानाला उठून थोडें दूर बसण्याची मोकळीक असावी. त्यांत कर्माचा लोप होत नाहीं.

दिवाळीच्या दारूकामाबद्दलहि असेंच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकारानें २०१६ सालीं लहान मुलांच्या नेहमींच्या सहा प्रकारच्या दारूकामाचें मोजमाप झालें. सर्वांत अधिक सूक्ष्म कण निघाले ते आवाज न करणाऱ्या, निरुपद्रवी म्हणून अगदीं चिमुरड्यांच्या हातीं देण्यांत येणाऱ्या सापाच्या गोळीतून. घनमीटरास ६४ हजार मायक्रोग्रॅमच्या वर. मूल ती खालीं वांकून, अगदीं तोंडाजवळ पाहतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अंगावरचें माप आणि शहराचें माप यांतील अंतर पुन्हा एकदां मनावर ठसतें.

मोजमापाच्या मर्यादा

आतां दुसरी बाजू. यंत्रानें सर्व प्रश्न सुटतात असें मानणें भाबडेपणाचें होईल. अंगावर पिशवी घेऊन वावरणें गैरसोयीचें असतें, पंप घुरघुरतो, लोक बस टाळतात, लग्नसमारंभास जात नाहींत, आणि मग जें माप येतें तें त्यांच्या नेहमींच्या आयुष्याचें राहत नाहीं. धूळ वाढली त्या दिवशीं श्वास बिघडला, एवढ्यावरून धुळीनेंच तो बिघडविला असें ठरत नाहीं. त्या दिवशीं थंडी असेल, पडसें आलें असेल, औषध चुकलें असेल. म्हणून संशोधक एका माणसाची अनेक दिवस, शक्य तर निरनिराळ्या ऋतूंत पाहणी करतात. जोडीला रोजनिशी ठेवावयास सांगतात. आणि फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारें पीक फ्लो मीटर सकाळसंध्याकाळ वापरावयास देतात. कणांच्या वजनावरून त्यांचा स्वभाव कळत नाहीं हीहि एक अडचण आहे. रस्त्यावरील माती, समुद्राचें मीठ आणि डीझेलची काजळी यांचें वजन सारखें भरलें म्हणून त्यांचा उपद्रव सारखा नसतो.

बाजारांत हल्लीं खिशांत मावणारीं स्वस्त यंत्रें मिळूं लागलीं आहेत. तीं प्रकाशाच्या रीतीनें चालतात. त्यांच्या प्रत्येक आंकड्यावर विश्वास टाकूं नये. पण तुलनेसाठीं त्यांचा उपयोग होतो. खिडकी उघडल्यावर आंकडा निम्म्यावर आला किंवा तळणाच्या वेळीं तो दसपट झाला, एवढें सांगण्यास तीं समर्थ आहेत.

घरच्या घरीं काय करावें

ज्या घरांत प्रौढ दमेकरी आहे, त्या घरानें एक महिना पुढील गोष्ट करून पहावी असें आम्ही सुचवितों. एक साधी वही घ्यावी. दमेकऱ्यानें सकाळीं व संध्याकाळीं पीक फ्लो मीटरमध्यें तीनदां जोरानें फुंकर मारून त्यांतला सर्वांत मोठा आंकडा लिहावा. त्यापुढें दिवस कोठें गेला, स्वयंपाक कोणी केला, काय तळलें, धूप-उदबत्ती लागली का, केर काढला कीं ओल्या फडक्यानें पुसलें, प्रवास कोणत्या रस्त्यानें व कोणत्या वाहनानें झाला, रात्रीं खोकल्यानें जाग आली का, औषध वेळेवर घेतलें का, एवढें एकेका ओळींत नोंदवावें. शहराच्या हवेचा त्या दिवसाचा आंकडाहि बाजूस टिपावा. महिन्याअखेर ही वही डॉक्टरांपुढें ठेवावी. "मला बरें वाटत नाहीं" या मोघम तक्रारीपेक्षां अशी वही डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते.

दरम्यान कांहीं गोष्टी वहीची वाट न पाहतांहि करण्याजोग्या आहेत. तळण चालू असतांना धूर बाहेर टाकणारा पंखा लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी. कोरडा केर काढण्याऐवजीं ओलें फडकें फिरवावें, आणि तें काम दमेकऱ्याकडे देऊं नये. शक्य असेल तेथें हमरस्ता सोडून आंतल्या गल्लीनें जावें. धुळीच्या ठिकाणीं जाणें अपरिहार्यच असेल, तर साधा रुमाल बांधून भागत नाहीं. एन-९५ जातीची मुखपट्टी चेहऱ्यास नीट बसली तर बारीक कण पुष्कळ अडविते, पण तिनें श्वास घेण्यास जोर पडत असल्यामुळें दमेकऱ्यानें ती डॉक्टरांस विचारून वापरावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे औषध सोडूं नये. ज्याला लोक पंप म्हणतात, त्या इन्हेलरची "संवय लागते" ही समजूत निराधार आहे. दाह कमी करणारें औषध थोड्या मात्रेंत नेमकें श्वासनलिकेपर्यंत पोंचविणारें तें साधन आहे. हवा सुधारेपर्यंत औषध थांबविणें किंवा औषध चालू आहे म्हणून हवेकडे दुर्लक्ष करणें, दोन्ही सारखींच घातक.

या सर्व विवेचनांतून एक शंका निघण्याजोगी आहे. अंगावरचें माप घ्या, खिडक्या उघडा, मुखपट्टी बांधा, असें म्हणतां म्हणतां शहराची हवा स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी रोग्याच्याच गळ्यांत तर पडत नाहीं ना? आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. लंडनच्या त्या रस्त्यावरील साठ माणसांच्या श्वासानें जें सिद्ध केलें, तें कोणाच्या खिडकीनें दुरुस्त होण्यासारखें नाहीं. तेथें वाहनांचेंच रूप बदलावें लागतें, आणि तें काम नगरपालिकेचें व सरकारचें आहे. गुजरातेंतील त्या स्त्रियांच्या अंगावर यंत्र बांधलें नसतें, तर चुलीचा धूर हा राज्यकर्त्यांच्या विचाराचा विषय झालाच नसता. ज्याचें जळतें त्याला कळतें, हें खरें. पण त्याचें त्याला कळून पुरत नाहीं, इतरांसहि कळावें लागतें. तें कळविण्याचें साधन म्हणजे माप.

घरापुरतें बोलावयाचें तर आरंभ त्याहून सोपा आहे. रात्रीं उठून बसणाऱ्या माणसाला "तुमचें नेहमींचेंच" असें न म्हणतां, आज दिवसभर तुम्ही कोठें होतां आणि कोणत्या हवेंत होतां, एवढें विचारावें. वहींतील पहिली ओळ त्या उत्तराचीच होईल.